मदत हवी आहे: ॲक्सोलॉटलच्या कल्ल्यावर कापसासारखं काहीतरी आलंय, खातही नाहीये

नमस्कार, वेंगुर्ल्याहून लिहितेय. आमच्याकडे एक ॲक्सोलॉटल आहे (बेडकासारखाच उभयचर, पण जन्मभर पाण्यात राहणारा, शेपटीवाला), नाव मोदक, अंग पांढरं नि डोळे काळे, दीड वर्षाचा, नऊ इंच. चार दिवस त्याचं काहीतरी बिनसलंय आणि आज सकाळी बघितलं तर माझ्या पोटात गोळाच आला.

डोक्याच्या दोन्ही बाजूंना कल्ल्यांचे तीन तीन तुरे असतात ना, ते एरवी मागे पसरलेले, लालभडक असायचे. रविवारपासून ते पुढे वळून गालाला चिकटल्यासारखे झालेत, रंग उतरलाय, आणि आज उजवीकडच्या मधल्या तुऱ्याच्या टोकाला सावरीचा कापूस अडकावा तसं पांढरं दिसतंय, पाणी हललं की तेही हलतं पण सुटत नाही. शेपटीचं टोक आकड्यासारखं वाकवून बसतो. परसातलं गांडूळ तोंडाशी नेलं की धरतो आणि थुंकून टाकतो, एरवी चिमट्यातून ओढून घेणारा प्राणी हा!

टाकी दोन फुटी, स्पंज फिल्टर, तळ मोकळा (खडी गिळेल म्हणून पहिल्याच महिन्यात काढली). दुपारी पाणी 26 डिग्रीपर्यंत जातं, मग बर्फाच्या बाटल्या आलटून पालटून सोडते तेव्हा 21 वर येतं, पण लाईट गेली की फ्रीज बंद आणि सगळंच बोंबलतं. हा मूळचा मेक्सिको सिटीजवळच्या सोचिमिल्कोचा, 2200 मीटरच्या वरचं थंड पाणी त्याचं, आणि मी त्याला ह्या उकाड्यात ठेवलाय ह्याची टोचणी रोज असते. शनिवारी निम्मं पाणी बदललं, स्पंजही विहिरीच्या पाण्याने स्वच्छ धुतला. आज टेस्ट किटवर अमोनिया 0.5, नायट्राइट 0.25 आलं (विष्ठेमुळे पाण्यात साठणारी विषारी द्रव्यं ही).

अजून दोन शंका. मागच्या पायांच्या मागे दोन्हीकडे फुगलंय, गाठ असेल का? आणि पुढच्या डाव्या पंजाला पाच बोटं आहेत, उजव्याला चारच. इथले जनावरांचे डॉक्टर गुरं-कुत्री बघतात, त्यांनी सरळ सांगितलं की असला प्राणी कधी हाताळला नाही. दुकानदार माशांचं फंगसचं औषध देतोय, टाकू का? कोणी पाळला असेल तर प्लीज सांगा.

प्रतिसाद:
ताई, औषध नका टाकू. माशांच्या बऱ्याच औषधांत तांबं नाहीतर मॅलाकाइट ग्रीन असतं, ह्यांची कातडी इतकी नाजूक की ते थेट आत जातं. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यच हवं, तुमचं दुखणं तिथे आहे, बुरशी नंतर आली. एक विचारतो, विहिरीत हल्ली टीसीएल पावडर (क्लोरीनवाली ब्लीचिंग पावडर) टाकली होती का?

मी:
अरे देवा! हो, शुक्रवारीच टाकलीय, पाण्याला वासही येत होता. विहिरीच्या पाण्याला क्लोरीन कुठून असणार म्हणून मी अँटीक्लोरीन घातलंच नाही.

प्रतिसाद:
मग तेच. क्लोरीनने कल्ले भाजले आणि स्पंजमधले जिवाणूही मेले, अमोनिया खायला कोण उरलं? मोदकला आत्ताच झाकणाच्या टबात काढा, पाणी अँटीक्लोरीन घातलेलं आणि टाकीइतक्याच थंडाव्याचं, रोज पूर्ण बदलायचं. कापसासाठी मिठाची अंघोळ द्या, वेगळ्या भांड्यात, लिटरला दोन छोटे चमचे जाडं मीठ विरघळवून, दिवसातून दोनदा. आयोडीनवालं नको, तुमच्या तालुक्यात शिरोड्याला मिठागरं आहेत, तिथलं साधं मीठ मिळेल. दहा मिनिटं म्हणजे दहाच, मोबाईलवर अलार्म लावा, जास्त झालं तर कल्ल्यांना इजा होते. स्पंज ह्यापुढे टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळायचा.

मागची सूज दोन्हीकडे सारखी आणि गुळगुळीत असेल तर गाठ नाही हो, नर आहे आणि वयात आलाय. एकाच बाजूला असती किंवा वाढत जात असती तर काळजी. पुढच्या पंजाला चारच बोटं असतात, मागच्याला पाच. लहानपणी पंजा कुणी तोडला होता का? परत उगवताना कधी कधी एखादं जास्त येतं, त्याचा त्रास काही नाही.

मी:
हो, दुकानात बरोबरच्या पिल्लाने चावला होता! दादा, खूप खूप आभार, लगेच टबात काढते.

अपडेट, चौथा दिवस:
कापूस काल संध्याकाळच्या अंघोळीत सुटून आला. शेपटी सरळ झालीय, तुरे अजून थोडे पुढे आहेत पण गालाला चिकटलेले नाहीत, आणि आज अर्धं गांडूळ खाल्लं, मी तिथेच रडले. टाकीत अमोनिया अजून 0.25 आहे म्हणून टबातच ठेवलाय. मधल्या तुऱ्याचं टोक मात्र बोडकं झालंय, बारीक केस सगळे झडलेत. पंजासारखं तेही परत येतं ना? किती दिवस लागतात?