ब्रश कटर चालूच होईना, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, सोलापूरहून लिहितोय, मोहोळजवळ आमची डाळिंबाची बाग आहे, गवतासाठी टू स्ट्रोक ब्रश कटर घेतलाय. दिवाळीनंतर टाकीत पेट्रोल तसंच ठेवून शेडमध्ये टांगला (चूक माझीच), आता दोरी ओढून ओढून खांदा गेला पण चोक दिला की दोन सेकंद फुरफुरतं नि बंद. प्लग घासला, ठिणगी येतीय. पेट्रोल बाटलीत ओतलं तर तळाला पाण्यासारखा थर, इथेनॉलवाल्या पेट्रोलचा प्रताप असणार. कार्बोरेटर घरीच खोलू का, आतला डायफ्रॅम (पातळ रबरी पडदा) फाटेल का? आणि पेट्रोलमध्ये ऑइल किती टाकू, पुस्तिकेत 25:1 म्हणजे लिटरला 40 मिली, मेस्त्री म्हणतोय 20 मिली बास. कुणाचं ऐकू?