मदत हवी आहे: लोड टेस्टिंगसाठी क्लाउडवरचे साधन कसे पारखावे?

नमस्कार. आमच्या वेब अ‍ॅप्लिकेशनची लोड टेस्ट (एकाच वेळी अनेक वापरकर्ते आल्यास सर्व्हर किती तग धरतो याची चाचणी) आम्ही आजवर एकाच मशीनवरून जेमीटर या साधनाने घेत आलो. परंतु आभासी (साधनाने नक्कल केलेले) वापरकर्ते वाढवले की सर्व्हरच्या आधी ते मशीनच धापा टाकू लागते आणि नोंदलेला विलंब नेमका कोणाचा, हेच कळेनासे होते. ब्लेझमीटर आणि अ‍ॅझ्युअर लोड टेस्टिंग या दोन्ही क्लाउड सेवांत जेमीटरच्या स्क्रिप्ट चालतात, तर ग्राफाना क्लाउड के६ या तिसऱ्या सेवेसाठी त्या जावास्क्रिप्टमध्ये आणाव्या लागतील. आमच्या लॉगिनमध्ये आधीच्या प्रतिसादातले टोकन (वापरकर्त्याची ओळख पटवणारा संकेत) उचलून पुढच्या विनंतीत घालावे लागते, त्यामुळे हे काम मला वाटते तितके सोपे नसावे.

सरासरी प्रतिसादकाळावर माझा फारसा भरवसा नाही. आम्ही ९५ व ९९ पर्सेंटाइल (म्हणजे ९५ किंवा ९९ टक्के विनंत्या ज्या वेळेच्या आत पूर्ण होतात ती वेळ) पाहतो. अनेक लोड जनरेटरचे (लोड टाकणाऱ्या मशीनचे) आकडे एकत्र करताना एखादे साधन मूळ नोंदी वापरते की पर्सेंटाइलचीच सरासरी काढते (जी चुकीची ठरते), हे मोफत चाचणीच्या मुदतीत कसे पडताळावे? तसेच, फायरवॉलच्या आतील स्टेजिंग (प्रत्यक्ष वापराआधीच्या चाचणीचा) सर्व्हर बाहेर उघडा न करता त्यावर लोड टाकण्यासाठी आपण खासगी (स्वतःच्या नेटवर्कमध्ये चालणारा) जनरेटर वापरता का, आणि वापरकर्ता-तासांच्या (आभासी वापरकर्ते गुणिले तास) आकारणीत तो खर्च कसा धरता?