‘हॉटेलं तीच आहेत, तुम्ही म्हातारे झालात’ या पोस्टला उत्तर

नौपाडाकर: काल इथे एकाने ठणकावून लिहिलं की ठाण्यातली जुनी मालवणी हॉटेलं बिघडलेली नाहीत, चव तीच आहे, आपणच आठवणी उगाळत बसतो. खाली अंगठ्यांचा पाऊस. नेमका परवाच रात्री आमच्या लाडक्या हॉटेलात सहकुटुंब जेवून आलोय, त्यामुळे गप्प बसवत नाही. नाव लिहीत नाही, कुणाच्या पोटावर पाय नको.

सुरमई फ्राय आली. चमचा लावला तर रव्याचं कवच टोपीसारखं अख्खं वर निघालं आणि खाली ताटात पाणी सुटलं. मीठ रव्याला, मासा अळणी. सोलकढीच्या ग्लासाच्या तळाशी पिठूळ थर, लसणाचा पत्ता नाही. विचारलं तर पोरगा म्हणतो, ‘सर, रेसिपी सेम आहे.’ मेन्यूत ‘पनीर मालवणी’ही आहे. असो!

वाढलेल्या भावाबद्दल माझी तक्रार नाही. पूर्वी संध्याकाळी मागच्या गल्लीतून गेलं तरी कांदा-खोबरं भाजल्याचा वास यायचा. घोडबंदरला शाखा निघाली आणि वाटण इथे होणंच बंद झालं. आता टेम्पोतून झाकणाच्या बादल्या उतरतात. ही पण माझ्या म्हातारपणाची लक्षणं का?

गल्ल्यावरचा: नेरुळला छोटी खानावळ चालवतो, म्हणून बोलतो. चव चव करणं सोपं आहे. नारळ कितीला झालाय ते बाजारात विचारा. 19 किलोचा सिलिंडर, भाडं, वर अ‍ॅपवाले कापतात ते वेगळं. तुमच्याकडून 5 टक्के जीएसटी घेतो, पण दुकानाच्या भाड्यावर मी भरलेला 18 टक्के मला परत मिळत नाही, तो खिशातूनच जातो. आचारी गणपतीला गावी गेला की तुळशीच्या लग्नाला उगवतो. मग वाटण एका जागी होणार नाही तर काय?

आणि काय हो, जुलैत सुरमई मागवलीत? 1 जून ते 31 जुलै बोटी बंद असतात. ताजी सुरमई काय तलावपाळीतून काढून देऊ?

नौपाडाकर: मग मेन्यूवर ‘आजची ताजी मासळी’ कशाला छापता? पूर्वीचे वाढपी मामा कानात सांगायचे, ‘आज सुरमई नको, सुकटीचं कालवण घ्या.’ नाही म्हणायची लाज कधीपासून वाटायला लागली?

पामबीच: अर्धवट माहिती पसरवू नका. बंदी पश्चिम किनाऱ्याला आहे. पूर्व किनाऱ्याची 15 एप्रिल ते 14 जून असते. जुलैत तिकडचा माल बर्फातून इकडे येतो.

गल्ल्यावरचा: म्हणजे अख्खा देश ओलांडून बर्फात आलेला मासा ‘आजचा ताजा’. आभारी आहे साहेब, माझंच काम केलंत.

चेंदणीची पोर: सगळे बाप्ये सुरमई-पापलेटच्या पुढे सरकत नाहीत. पापलेट 2023 मध्ये राज्यमासा झाला म्हणून बारा महिने तोच गिळायचा का? पावसात चिवणी खातात हो, खाडीतला तो काटेरी मासा! पोटात अंड्यांची गाभोळी गच्च भरलेली, आंबोशी घालून केलेलं कालवण, गरम भात. बिनइंजिनाच्या होड्यांना ती बंदी नाही, खाडीतली मासळी मिळते. विचारा तुमच्या एसी हॉटेलात, ठेवतात का. ‘स्मेल येतो’ म्हणतील.

पामबीच: ताई, ठाणे खाडीतली चिवणी? कळवा पुलावरून खाली पाण्याकडे पाहिलंय कधी? फुकट दिली तरी खाणार नाही.

चेंदणीची पोर: तुम्हाला देतंय कोण? पाणी आम्ही काळं केलं का? कारखान्यांचं आणि तुमच्या टॉवरांचं सांडपाणी कुठे जातं, ते आधी बघा. याच खाडीला 2022 मध्ये रामसर दर्जा मिळाला, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. फ्लेमिंगोंचे फोटो काढायला मोठाल्या लेन्स घेऊन येता तेव्हा घाण दिसत नाही, कोळणीने टोपली उघडली की लगेच नाकाला रुमाल. आमच्या घरी निवट्या, म्हणजे चिखलातले छोटे मासे, कधी विकत आणल्या नव्हत्या. आजोबा ओहोटीला चिखलात उतरायचे आणि डबा भरून आणायचे. परवा आईने बाजारात निवट्यांचा भाव विचारला आणि तशीच परत आली. तुमची सुरमई पाणचट निघाली त्याचं दुःख मोठं, नाही का?

पामबीच: भावनिक होऊन उपयोग नाही. रामसर दर्जा म्हणजे तिथले मासे खायला चांगले असल्याचं प्रमाणपत्र नव्हे.

चेंदणीची पोर: बरोब्बर. आणि तुमची सोसायटी खाडीत भराव टाकून उभी राहिलेली नाही, याचं प्रमाणपत्र आहे का जवळ? असेल तर टाका इथे, फ्रेम करून लावते.

शाकाहारी पण भांडखोर: विषय जेवणाचा होता ना? अख्खा धागा खाडीत गेला. आम्हा शाकाहाऱ्यांचं कोणी विचारतच नाही. मालवणी हॉटेलात काळ्या वाटाण्याचं सांबारं मागितलं तर पोरगा छोल्यांचा फोटो दाखवतो! आणि बिलात 10 टक्के सेवाशुल्क होतं का हो? त्याची सक्ती करता येत नाही, दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च 2025 मध्ये स्पष्ट सांगितलंय. भरलंत की काढायला लावलंत?

नौपाडाकर: भरलं. हिने टेबलाखालून पाय दाबला, ‘तमाशा नको’.

शाकाहारी पण भांडखोर: झालं! तिथे मुकाट पैसे मोजायचे आणि घरी येऊन इथे हजार शब्द लिहायचे.

गल्ल्यावरचा: मी सेवाशुल्क लावत नाही. माझ्या खात्यावर तेवढं तरी पुण्य मांडा.

नौपाडाकर: मांडलं. जुलैच्या सुरमईचा मुद्दाही तुम्हालाच दिला, वर हार घालतो हवं तर. आता एवढंच सांगा, नारळाला कुठल्या तारखेपासून बंदी आहे? सोलकढी पावडरीची का?

गल्ल्यावरचा: तिथे मी त्या हॉटेलची वकिली करणार नाही. पावडर वापरायची तर बोर्डावरून सोलकढी पुसा. परवडत नसेल तर ग्लास लहान करा, भाव वाढवा, मीही वाढवलाय. गिऱ्हाईक दोन दिवस कुरकुरतं, तिसऱ्या दिवशी मागतं.

चेंदणीची पोर: दादा, बाकीचं राहू दे. तुमच्याकडे चिवणी मिळते का?

गल्ल्यावरचा: ठेवली होती ताई. त्या काट्यांनी पोऱ्याचा अंगठा फाडला, दुसऱ्या दिवशी आलाच नाही. साफ करायला तुम्ही येता का?

चेंदणीची पोर: येते की. रोज किती देणार ते आधी बोला.