चित्रकलेच्या तासाला आधी रेषा, की आधी रंग, छटा आणि पोत?

धागाकर्ता (कलाशिक्षक, खानापूर तालुका, जि. बेळगाव)

आमच्या भागातील बहुतेक शाळांत चित्रकलेचा तास म्हणजे फळ्यावरचे निसर्गचित्र वहीत उतरवून घेणे, हे मी विद्यार्थी असताना होते आणि आज मी शिकवत असतानाही फारसे बदललेले नाही. दोन त्रिकोणी डोंगर, मधोमध सूर्य, खाली नदी आणि सगळी झाडे एकाच हिरव्या तेलखडूची. वर्गाच्या खिडकीतून मात्र पावसाळ्यात भाताचा पोपटी, सागाचा मळकट आणि शेवाळलेल्या जांभ्या चिऱ्यांचा जवळजवळ काळा, असे तीन हिरवे एकाच वेळी दिसत असतात. म्हणून पाचवी ते सातवीच्या वर्गांत पहिले सत्रभर वस्तूचे चित्र काढायला लावूच नये, केवळ रंग, उजळ-गडद छटा आणि पोत यांचाच शोध घेऊ द्यावा, असे माझे मत झाले आहे.

यंदा एक प्रयोग केला. आमची तांबडी माती आणि एका सहकाऱ्याने बैलहोंगलकडून आणलेली काळी माती फडक्यातून गाळून डिंकाच्या पाण्यात कालवली. तांबड्या मातीचा एक ठिपका कोऱ्या कागदावर आणि दुसरा काळ्या मातीच्या पट्ट्यावर दिला, तेव्हा अर्धा वर्ग म्हणू लागला की मी दोन वेगळे रंग दिले आहेत. पुढच्या तासाला सागाचे कोवळे पान तळहातावर चुरडून निघणारा लाल रंग मुलांनीच मला दाखवला. जून पानावर पातळ कागद ठेवून खडू घासला की शिरांचे जाळे जसेच्या तसे उमटते. काहींच्या घरी कन्नड बोलतात, ती मुले रंगाला ‘बण्ण’ म्हणतात. परंतु ‘पोत’ हा शब्द त्या दिवशी सगळ्यांनीच बोटांनी शिकला.

निवृत्त कलाशिक्षक, निपाणी

सर, आपली तळमळ पटते, पण क्रम पटत नाही. आकारच चुकला असेल तर त्यावर चढवलेली छटा कितीही सुंदर असली तरी ती चुकीच्याच जागी पडते. आपल्याकडच्या, म्हणजे कर्नाटकातील, ड्रॉइंग लोअर आणि हायर या चित्रकलेच्या परीक्षा असोत की पलीकडे महाराष्ट्रातील एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट, मुलाला समोर ठेवलेली वस्तू मोजून-मापून कागदावर आणता आलीच पाहिजे, आणि ती तयारी दहावीच्या तोंडावर होत नसते. बेळगावची चित्रपरंपराही हेच सांगते. येथे चित्रकार के. बी. कुलकर्णी यांनी विद्यार्थी घडवले ते प्रत्यक्षाचे कसून रेखांकन करवून; 1935 मध्ये बेळगावात जन्मलेले आणि त्यांच्याकडे शिकलेले रवी परांजपे पुढे रंगांसाठी नावाजले गेले, तरी त्या रंगांखालची रेषा किती पक्की आहे ते पाहावे. शिवाय पेन्सिल आणि कोरा कागद गरिबाच्या मुलालाही परवडतो.

पालक, शहापूर (बेळगाव)

आमच्या घरी माग होता, त्यामुळे मी चित्रकार नसूनही बोलतो. उभा धागा हिरवा आणि आडवा लाल घातला तर साडी हिरवीही दिसत नाही आणि लालही. ती हलते तशी रंग बदलते, तिला आम्ही धूपछाव म्हणतो. हे कोणत्याही रेषेने शिकवता येत नाही. पॅरिसच्या गोबलँ विणकामशाळेत रंगखात्याचे प्रमुख असलेल्या शेव्हरल या रसायनशास्त्रज्ञाकडे काळा धागा फिका दिसतो अशी तक्रार आली, तेव्हा त्याला आढळले की दोष रंगात नसून शेजारच्या रंगात आहे, आणि 1839 मध्ये त्याने त्यावर ग्रंथच लिहिला. धागाकर्त्यांच्या मुलांनी मातीत पाहिले ते हेच. आमच्या म्हाताऱ्यांना हा नियम ठाऊक होता, नाव तेवढे ठाऊक नव्हते.

शिक्षिका, बेळगाव शहर

वर्गात साठ मुले, आठवड्यातून 40 मिनिटांचा एक तास आणि मैदानाच्या टोकाला एक नळ. मातीचे हात धुऊन होईपर्यंत पुढच्या तासाची घंटा होते आणि गणिताच्या वह्यांवर तांबडे ठसे उमटतात. सागाच्या पानाचे वर्णन वाचून आनंद झाला, पण मी फळ्यावर डोंगर काढते ते आवडीने नव्हे.

धागाकर्ता

बाईंचे म्हणणे खरे आहे. माझ्या वर्गात तीसच मुले आहेत, हे मी आधीच सांगायला हवे होते. मात्र छटेला पाणी लागत नाही. एका ओळीत पाच चौकोन आखायचे, पहिला कोरा ठेवायचा, शेवटचा पेन्सिल दाबून काळा करायचा आणि मधले तीन समान पायऱ्यांनी भरायचे. बहुतेक मुलांचे तिसरा आणि चौथा चौकोन सारखेच होतात, कारण कागद ‘खराब’ होईल या भीतीने ती पेन्सिल दाबतच नाहीत. ही भीती आपणच घातली आहे: रेषेबाहेर गेलास, खाडाखोड केलीस, परत काढ. निपाणीच्या सरांनी पितळी तांब्या ठेवला आणि मुलाने तो पिवळा रंगवला, तर चूक रेषेची आहे का? डोळे बारीक करून पाहिले तर त्या तांब्यावर तपकिरी, काळा आणि खिडकीचा पांढराच अधिक दिसतो.

निवृत्त कलाशिक्षक, निपाणी

ते पाच चौकोन मीही वर्षानुवर्षे करवून घेतले, पण त्याला मी सराव म्हणतो, शोध नव्हे. पानांच्या ठशांना दोन तास द्यावेत, सत्र नव्हे, एवढेच माझे म्हणणे आहे. तांब्याचे उदाहरण आपण दिलेत ते बरेच झाले: त्याच्या काठावरची चमक जलरंगात कागद कोरा सोडूनच मिळते, आणि तो कोरा कागद नेमका कोठे सोडायचा हे रंग भिजवण्यापूर्वी पेन्सिलीने ठरवलेले असावे लागते.