मुलाखतीनंतरच्या आभारपत्राचा मायना कसा लिहावा?

प्रश्न

परवा पुण्यातील एका मराठी प्रकाशनसंस्थेत संपादन साहाय्यक पदासाठी माझी मुलाखत झाली. समोर तिघे होते : मुख्य संपादक, साधारण माझ्या आईच्या वयाच्या एक ज्येष्ठ संपादिका, ज्यांना तिथे सगळेच ‘ताई’ म्हणतात, आणि तिसरे एक गृहस्थ, ज्यांचे नाव मला नीट ऐकू आले नाही. ताईंनी मला एका पानाचे मुद्रितशोधन करायला दिले. ‘त्यांनी’वरचा एक अनुस्वार माझ्या नजरेतून सुटला होता, तर त्यांनी शिसपेन्सिलीने त्यावर बारीक गोल केला आणि अशा जागा कशा शोधायच्या हे पाच मिनिटे समजावून सांगितले. मुलाखत देताना काही शिकायला मिळाल्याचा हा माझा पहिलाच अनुभव होता, म्हणून मला मनापासून आभाराचे पत्र ईमेलने आणि मराठीतूनच पाठवायचे आहे. अडचण पहिल्याच ओळीची आहे. ‘प्रिय’ लिहावे की ‘माननीय’? ‘सौ.’ की ‘श्रीमती’? ‘ताई’ लिहिले तर सलगी वाटेल का? आणि ज्यांचे नावच ठाऊक नाही त्यांना काय लिहू?

प्रतिसाद १

मी एका कंपनीच्या मनुष्यबळ विभागात आहे. पत्र आजच पाठवा, कारण आठवडा उलटल्यावर आलेले आभारपत्र निकालाची चौकशी वाटू लागते. तिघांना एकच मजकूर वेगवेगळा पाठवू नका. ते एकाच खोलीत बसतात आणि पत्रे एकमेकांना दाखवतात. ज्या पत्त्यावरून तुम्हाला मुलाखतीचे बोलावणे आले त्या व्यक्तीला मुख्य पत्र लिहा, त्यातच उरलेल्या सदस्यांना आभार कळवण्याची विनंती करा आणि ताईंना हवे तर दोन ओळींचे स्वतंत्र पत्र लिहा. राहिले तिसऱ्या गृहस्थांचे नाव. संस्थेच्या दूरध्वनीवर सरळ विचारा. नाव बरोबर लिहिण्यासाठी कोणी विचारले तर स्वागतकक्षातल्या माणसाला त्यात काहीच वावगे वाटत नाही.

प्रतिसाद २

मी तीस वर्षे शाळेत मराठी शिकवले आणि पत्रलेखनाचा धडा दरवर्षी घेतला, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

‘प्रिय’ नको. इंग्रजी पत्रात ‘डिअर’ हा शब्द अनोळखी माणसालाही चालतो, कारण तिथे त्यातली माया केव्हाच विरून गेली आहे. मराठीत ‘प्रिय’ अजून खरोखरच प्रिय आहे, आणि आपण तो बरोबरीच्या किंवा धाकट्या माणसाला लिहितो. जुने ‘रा. रा.’, म्हणजे राजमान्य राजेश्री, आता लग्नपत्रिकांतूनही मावळत चालले आहे. ‘सा. न. वि. वि.’मधला साष्टांग नमस्कार घरच्या वडीलधाऱ्यांसाठी, आणि ‘तीर्थस्वरूप’ही तसेच नात्यातले. ‘स. न. वि. वि.’, म्हणजे सप्रेम नमस्कार विनंती विशेष, हा त्या मानाने तटस्थ मायना आहे आणि तो तुमच्या पत्रात मुळीच खटकणार नाही. जुन्या पत्रांत ‘विनंती उपरी येथील कुशल जाणून स्वकीय कुशल लिहीत जावे. विशेष’ असा मजकूर असे. कुशल सांगून झाले, आता मुख्य गोष्ट ऐका, असे तो ‘विशेष’ सुचवतो. प्रकाशनसंस्थेतल्या माणसांना ही अक्षरे परकी नाहीत. तरीही तुमची पहिलीच ओळख आहे, त्यामुळे मी ‘आदरणीय महोदया, सविनय नमस्कार’ हेच सुचवीन. ‘माननीय’ हा शब्द पदाचा मान राखतो, ‘आदरणीय’ माणसाचा. ज्यांनी तुम्हाला अनुस्वार दाखवला त्यांच्यासाठी दुसराच योग्य.

‘ताई’ हा शब्द आपल्याकडे आदराचाच आहे, परंतु तो तिथल्या सहकाऱ्यांचा आहे. त्यांनी उत्तरात स्वतः तशी सही केली, तर पुढच्या पत्रापासून खुशाल लिहा. शेवटी ‘आपली नम्र’ पुरे. ‘आपली आज्ञाधारक’ हे विद्यार्थ्याने मुख्याध्यापकांना लिहायचे असते, आणि ‘लोभ असावा’साठी आधी लोभ जडावा लागतो.

प्रतिसाद ३

‘सौ.’ कृपा करून लिहू नका. पंधरा वर्षांपूर्वी एका शाळेतील मुलाखतीनंतर मी मुख्याध्यापिकांना असेच पत्र लिहिले होते आणि वयाकडे पाहून नावाआधी ‘सौ.’ घातले होते. मला ती नोकरी मिळाली. दोन महिन्यांनी कार्यालयातल्या लिपिकबाईंनी सांगितले की बाईंचे यजमान त्याच वर्षी गेले होते, आणि माझे पत्र वाचून त्यांनी काही न बोलता घडी घालून खणात ठेवले होते. त्या मला याबद्दल कधीच काही बोलल्या नाहीत, आणि त्याचेच मला अधिक वाईट वाटत राहिले.

काही घरांत ‘श्रीमती’ म्हणजे विधवा असा जुना अर्थ अजून धरतात हे खरे, पण कार्यालयीन पत्रव्यवहारात तो शब्द विवाहित, अविवाहित अशा सर्वच स्त्रियांसाठी रूढ आहे. त्या स्वतः आपले नाव कसे लिहितात ते पाहता आले तर सर्वांत उत्तम. त्या संस्थेचे एखादे अलीकडचे पुस्तक ग्रंथालयात उघडून पाहा. प्रकाशक, मुद्रक, आवृत्ती यांची नोंद असते त्या पानावर पुष्कळदा संपादकांची आणि मुद्रितशोधकांचीही नावे असतात. नावाआधी ‘डॉ.’ असेल, तर प्रश्न तिथेच मिटला.

प्रतिसाद ४

हे सगळे खासगी संस्थेपुरते आहे, एवढेच जोडतो. शासकीय भरतीच्या किंवा विद्यापीठाच्या निवड समितीच्या सदस्यांना मुलाखतीनंतर वैयक्तिक पत्र लिहू नये. अशा जाहिरातींत वशिला लावण्याचा प्रयत्न करणारा उमेदवार अपात्र ठरेल अशी अट बहुधा असते, आणि तुमचे निर्मळ आभारही कोणी त्या अटीत बसवू शकतो.

प्रश्नकर्ती

सर्वांची मी ऋणी आहे. ताईंना हे पत्र लिहिले आहे :

‘आदरणीय महोदया, सविनय नमस्कार. परवाच्या मुलाखतीत आपण मला वेळ दिलात आणि सर्वनामांवरचे अनुस्वार वेगळ्याने, एकदा फक्त त्यांच्यासाठीच पान वाचून तपासावेत, हे समजावून सांगितलेत, याबद्दल मी आपली आभारी आहे. काल घरी तसे वाचून पाहिले, तेव्हा माझ्याच जुन्या लेखात अशा चार चुका सापडल्या. निवडीचा निर्णय काहीही झाला तरी ही सवय मी ठेवीन. आपली नम्र.’

नावाआधी ‘श्रीमती’ लिहिले आहे. मुख्य संपादकांना वेगळे पत्र गेले. तिसऱ्या गृहस्थांचे नाव ग्रंथालयातल्या पुस्तकात मिळाले. ते मुद्रितशोधन पाहतात, आणि त्यांच्या आडनावात ‘ळ’ आहे. मला तो ‘ल’ ऐकू आला होता.