ऊर्जा साखरेची, तरतरी कॅफिनची
एनर्जी ड्रिंकमधल्या टॉरिन (एक अमिनो आम्ल) आणि बी जीवनसत्त्वांमुळे ताकद येते असं म्हणतात, ते मला पटलं नाही. शरीर टॉरिन इंधन म्हणून जाळत नाही. बी जीवनसत्त्वं अन्नातून ऊर्जा काढायला मदत करतात, पण त्यांच्यात स्वतःच्या कॅलरीज नाहीत. रेड बुलच्या 250 मिलीच्या साध्या कॅनमध्ये साधारण 27 ग्रॅम साखर असते, म्हणजे साधारण सहा-सात चहाचे चमचे आणि जेमतेम 110 कॅलरीज. खरी ऊर्जा तेवढीच! कॅफिन फक्त मेंदूला थकव्याचा निरोप पोचू देत नाही.

नाइट शिफ्टला मी एकदा जेवण टाळून शुगर-फ्री कॅन रिचवला. झोप उडाली, पण तासाभरात पोटात कावळे आणि कीबोर्डवर बोटं थरथरायला लागली. शेवटी कॅन्टीनचा वडापाव आणि गोड चहाच कामी आला.