शिष्ट, आढ्यताखोर की नुसताच सोवळा?

पिंपळपान
आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी 'फ्रेजर'मधल्या आवडत्या पात्रांवर लेख लिहितेय. तीच अमेरिकन विनोदी मालिका, १९९३ ते २००४ चाललेली, सिएटलमधल्या रेडिओवरच्या मानसोपचारतज्ञाची. नाइल्सबद्दल लिहिलं, "फ्रेजर शिष्ट आहेच, पण धाकटा भाऊ नाइल्स म्हणजे शिष्टशिरोमणी." मुद्रितं तपासणाऱ्या काकांनी शेजारी शेरा मारला, "शिष्ट म्हणजे सभ्य, सुसंस्कृत. अर्थ लागत नाही." आमच्या घरी "फार शिष्ट आहे हो ती" हे नाक वर करून बसणाऱ्या बाईबद्दलच म्हणायचे. 'स्नॉब' लिहायचं नाहीये. काय करू?

तिरकी मात्रा
काकांचं बरोबर आहे. शास् धातूपासून शिष्ट, म्हणजे ज्याला शिकवलंय, वळण लावलंय असा. शिष्टाचार, शिष्टसंमत, शिष्टमंडळ. शिष्टमंडळ म्हणजे काय नाकं मुरडणाऱ्यांचं टोळकं? 'आढ्यताखोर' लिहा. आणि 'तज्ञ' नव्हे, 'तज्ज्ञ'. तद् अधिक ज्ञ.

अर्धा चहा
पाणीपट्टीच्या प्रश्नावर एकदा शिष्टमंडळातून गेलो होतो, तेव्हा टोळक्याबद्दल बोलत नाही. पण मात्राशेठ, "शिष्टपणा करू नकोस, जेवायला बस" असं कोणी म्हणालं तर तुम्ही काय सभ्यपणा सोडून पानावर बसता? आणि शुद्ध हवं म्हणून आढ्यताखोर? आढ्य संस्कृत, '-खोर' फारसी. हरामखोराच्या रांगेतला शब्द आहे तो.

तिरकी मात्रा
फारसीला माझा आक्षेप नाहीच. उपरोधाने वापरलेला शब्द उपरोधच राहतो, एवढंच म्हणणं आहे. छापील लेखात स्वर ऐकू येत नाही.

अर्धा चहा
उपरोध पहिल्या शंभर वेळा. नंतर तो अर्थ होतो.

टिळकवाडी
शिष् म्हणजे उरणे, त्यावरूनही शिष्ट होतो की. शेष, अवशेष, उच्छिष्ट त्याच घरातले. पंगतीत न बसता वेगळा उरतो तो शिष्ट, असं मी आपलं लावलंय.

तिरकी मात्रा
शिष्पासून शिष्ट होतो हे खरं. पंगत तुमच्या पदरची.

रोजचा पाऊस
बेलव्ह्यूहून लिहितेय, म्हणजे सरोवराच्या पलीकडे सिएटल. (मालिकेतलं घर शोधू नका. खिडकीतला तो स्पेस नीडल मनोरा पडद्यावरचा. सगळं लॉस एंजेलिसला चित्रित व्हायचं, सिएटलमध्ये जेमतेम एक भाग.) नाइल्सला शिष्ट म्हणणं मला पटत नाही. कॅफे नर्व्होसात बसण्याआधी तो खिशातून रुमाल काढून खुर्ची पुसतो. हा शिष्टपणा कसला, हे सोवळं आहे! व्हॅलेंटाइनच्या भागाची सुरुवात आठवा. नाइल्स झालेला डेव्हिड हाइड पिअर्स जवळजवळ एक अक्षर न बोलता पँटला इस्त्री करायला घेतो. बोट कापतं, रक्त बघून बेशुद्ध पडतो आणि शेवटी सोफा पेटतो. शिष्ट माणसाची इतकी दया येत नाही.

अर्धा चहा
सोवळं शेरी वाइनचं आणि ऑपेराचं? चालेल, सोवळं कशाचंही असतं. पण मग खरा शिष्ट फ्रेजरच. आधीच्या 'चीअर्स' मालिकेत बारमधल्या दोस्तांना त्याने काय सांगितलं होतं? बाप संशोधक होता, वारला. बाप तर हयात, पोलिसात होता, कमरेत गोळी लागली म्हणून निवृत्त. बापाची नोकरी लपवणारा तो शिष्ट, माझी व्याख्या.

रोजचा पाऊस
बापाशी भांडण झालं होतं म्हणून तसं बोललो, असं तो सांगतो ना. 'चीअर्स'मधला बारवाला सॅम सिएटलला येतो तेव्हा, १९९५ चा भाग. अर्थात ते लेखकांनी मागाहून लावलेलं ठिगळ, मार्टिनच्या, म्हणजे बापाच्या, खुर्चीवरच्या चिकटपट्टीसारखं. पण छान बसलंय.

पिंपळपान
मार्टिनची खुर्ची माझ्या यादीत चौथी आहे, पात्र म्हणून. पण शब्दाचं काय?

टिळकवाडी
मिजासखोर. मिजास म्हणजे मूळ अरबी मिजाज, मिश्रण. युनानी वैद्यकात शरीरातल्या चार द्रवांच्या मिश्रणावर माणसाचा स्वभाव ठरतो. दोघे भाऊ मनाचे डॉक्टर, एक फ्रॉइडचा, एक युंगचा. यापेक्षा नेमका शब्द मिळणार नाही.

अर्धा चहा
नाइल्स एकदा भावाचा रेडिओ कार्यक्रम चालवायला बसतो आणि श्रोत्यांना सांगून टाकतो की मी भावासारखा फ्रॉइडवाला नव्हे, युंगवाला, तेव्हा आज आईला दोष द्यायचा नाही. याला मिजास म्हणायची? ही तर निव्वळ खोडी.

तिरकी मात्रा
आढ्यताखोर नाइल्सच्या बायकोला, मॅरिसला ठेवा. आढ्य म्हणजे श्रीमंत, आणि बाई गडगंज.

रोजचा पाऊस
गडगंज कशावर, तेही सांगा! सार्वजनिक मुताऱ्यांत टाकतात त्या सुवासिक वड्यांवर. माझं सगळ्यांत आवडतं पात्र, आणि अकरा सीझनमध्ये एकदाही चेहरा दिसत नाही. म्हणे आधी दाखवणार होते, पण वर्णनं अशी वाढत गेली की तशी नटी मिळणं अशक्य. तिच्यासाठी शब्द हवा. अदृश्य? अनुपस्थित?

टिळकवाडी
गुप्त. सरस्वतीसारखी.

तिरकी मात्रा
सरस्वतीला कशाला मध्ये आणता? आणि वर अजून 'मानसोपचारतज्ञ' तसंच आहे.

पिंपळपान
इथे संपादन बंद झालंय हो. लेखात सुधारते. आता डॅफ्नी, मार्टिनची देखभाल करणारी. इंग्लंडातल्या मँचेस्टरची आहे, तिची दोन-तीन वाक्यं मराठीत द्यायचीत, बोली कुठली घेऊ? मालवणी डोक्यात आहे.

कुणकेश्वर
का म्हणून? मालवणी काय हसवायलाच ठेवली आहे का? डॅफ्नी कामवाल्यांत मोडते म्हणून मालवणी, आणि फ्रेजर सदाशिव पेठेत बोलणार. वा.

पिंपळपान
माझी आजी वेंगुर्ल्याची आहे. हसवायला नाही, गोड वाटते म्हणून म्हटलं.

कुणकेश्वर
'गोड वाटते' हा तर सगळ्यांत मोठा शिष्टपणा.

अर्धा चहा
घ्या! मात्राशेठ, बघा अर्थ लागतोय का.

रोजचा पाऊस
मुळात डॅफ्नी झालेली जेन लीव्हज इंग्रज असूनही तिचा तो मँचेस्टरी हेल तिकडच्या लोकांना पटायचा नाही. आणि अस्सल अमेरिकन बाप वाटणारा, मार्टिन झालेला जॉन माहोनी जन्मला ब्लॅकपूलला, मँचेस्टरच्या अंगणात. बोलीचा हिशेब मालिकेनंच ठेवलेला नाही.

कुणकेश्वर
तिचा भाऊ सायमन तर ऑस्ट्रेलियन नटाने केलाय.

रोजचा पाऊस
अँथनी लापाग्लिया. २००२ चं एमी पारितोषिक घेऊन गेला त्यावर.

कुणकेश्वर
मग त्याला द्या मालवणी.